माझी हिरडी आणि त्यांचे मिलिमीटर

७ सप्टेंबर २०२५, रविवार, सकाळ

मोहन्याला सासऱ्यांच्या रेयॉन कंपनीच्या कॉलनीत आमच्या मागच्या दाराला एक पायरी होती. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी टूथब्रश घेऊन तिथे गेले, तर सासूबाई आधीच बसलेल्या. त्यांनी माझ्या ब्रशकडे पाहिलं, मग डब्यातलं चिमूटभर काळं मंजन माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, घे. मी कॉन्व्हेंटची, त्या देवगडच्या. त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही, माझं तर त्यांना काहीच कळायचं नाही. पण रोज सकाळी आम्ही दोघी त्या पायरीवर दातांवर बोट फिरवत बसायचो आणि एकाच पपईच्या बुंध्याशी चूळ टाकायचो. शेवटी त्या विचारायच्या, झालं? मी म्हणायची, झालं. इतक्या वर्षांत याहून प्रेमाचं बोलणं आमच्यात झाल्याचं मला आठवत नाही.

त्या गेल्या, कॉलनी सुटली, आम्ही डोंबिवलीला आलो. मंजन तेच आहे. लोक त्याला मशेरी म्हणतात. लोकांना आपल्या जुन्या गोष्टींना नावं ठेवायची हौसच असते. त्यात तंबाखू असते म्हणे. असली तरी भाजलेली असते.

सकाळी उशीच्या अभ्र्यावर लाल डाग दिसला. पानाचा असणार. घरात पान कोणीच खात नाही, पण दिसायला तो पानाच्या डागासारखाच आहे.

वैशालीचा फोन. आमच्या बॅचचं रीयुनियन सोळा नोव्हेंबरला, ठाण्यात, आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. वैशाली शाळेत मॉनिटर होती, अजून आहे. म्हणाली, अगं भावना, व्होट ऑफ थँक्स तूच करायचं, इंग्लिशमध्ये, तुझ्यासारखं बोलणारं आहे कोण आमच्यात? मी नको नको म्हटलं, पण हळू आवाजात म्हटलं.

ठराव : एकदा डेंटिस्टकडे जाऊन नुसतं पॉलिश करून घेणे. स्टेजवर चांगलं दिसतं.


९ सप्टेंबर, मंगळवार

पॉलिश करायला गेले आणि परीक्षेला बसवलं.

डॉ. ऐश्वर्या नवीन आहे. चौकातच दवाखाना, वय माझ्या भाचीएवढं. मला काकू म्हणते. मी म्हटलं, पॉलिश. ती म्हणाली, काकू, आधी हिरड्या बघते. मग एक खुणा केलेली बोथट सळई घेतली आणि दात आणि हिरडी यांच्या फटीत घालायला लागली. दर दाताला सहा ठिकाणी. सळई किती आत जाते ते ती मोठ्याने सांगते आणि कल्पिता नावाची तिची असिस्टंट कॉम्प्युटरवर टाइप करते. तीन, तीन, चार. तीन, चार, पाच. शाळेत सिस्टर फिलोमिना वर्गासमोर मार्क वाचायच्या, अगदी तोच सूर. पार्टिशन प्लायवूडचं. पलीकडे बाकावर आमच्या सोसायटीतल्या सामंतबाई बसलेल्या. म्हणजे आता आख्ख्या बी विंगला माझे मार्क माहीत झाले.

वरच्या पुढच्या डाव्या दाताला सात मिळाले. मी म्हटलं, चला, फर्स्ट क्लास. ती म्हणाली, काकू, इथे कमी असेल तेवढं चांगलं. तीनपर्यंत ठीक. सात म्हणजे दात आणि हिरडीमध्ये सात मिलिमीटरचा खिसा झालाय.

असली उलटी परीक्षा मी आयुष्यात पाहिली नाही.

मग तिने दोन बोटांत धरून तो दात हलवला. म्हणाली, हलतोय. बरं, तू हलवल्यावर तो काय करणार? खालचे पुढचे चारही थोडे हलतात म्हणे. हिरड्या सुजल्यात, रक्त येतंय, एक्स-रे काढायला हवा, आधी क्लीनिंग, मग हिरडीच्या आतून खोल क्लीनिंग, गरज पडली तर लहानसं ऑपरेशन. आत्ता केलं तर दात बरीच वर्षं टिकू शकेल. नाही केलं तर जाईल. मी म्हटलं, माझा नोव्हेंबरात कार्यक्रम आहे. ती म्हणाली, म्हणूनच सांगतेय.

तंबाखू खाता का, असं विचारलं. मी म्हटलं, छे. खाण्याचा प्रश्नच नाही. जेवढं विचारलंय तेवढंच लिहावं, जास्तीचं लिहून मार्क घालवू नयेत, हे आम्हाला पाचवीतच शिकवलंय.

एक्स-रेला नाही म्हणून आले. या वयात रेडिएशन कशाला?


९ सप्टेंबर, संध्याकाळ

सुधीरला सांगितलं. माझ्या या नवऱ्याच्या तोंडात दहा वर्षांपासून वर-खाली कवळी आहे, त्यामुळे दातांच्या विषयात तो फार निवांत असतो. वागळे इस्टेटमध्ये गास्केटच्या कारखान्यात जन्मभर क्वालिटी कंट्रोलला होता. मिलिमीटर म्हटलं की त्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. म्हणाला, मऊ मालाचं माप असंच असतं, रबर नरम पडलेलं असेल तर गेज आत घुसतो आणि आकडा जास्त दाखवतो. तुझी हिरडी सुजलीय, म्हणजे नरमच ना.

म्हणजे माप खोटं!

तो पुढे काहीतरी म्हणत होता की खोटं असं मी म्हटलं नाही, पण तोवर मी आत जाऊन डॉक्टरचा नंबर शोधत होते.


१० सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरला फोन करून स्पष्ट विचारलं की सुजलेल्या हिरडीत तुमची सळई जरुरीपेक्षा जास्त आत जाते हे खरं का. म्हणाली, हो, खरंय काकू, थोडी जाते. वर एक दृष्टांत दिला. ओल्या मातीत काठी खुपसली तर खोल जाते, सुकलेल्या मातीत वरच अडते, पण खालचा खडक होता तिथेच असतो. दाताला धरून ठेवतं ते आतलं हाड, म्हणजे तो खडक. म्हणून आधी क्लीनिंग करू, सूज उतरू दे, मग परत मोजू, आणि एक्स-रे काढून खडक कुठे आहे तेही बघू.

भूगोल ऐकायला मी फोन केला नव्हता. महत्त्वाचं एवढंच की सात म्हणजे सात नव्हे, हे खुद्द डॉक्टरने कबूल केलं. ही तारीख लक्षात ठेवणे.


१३ सप्टेंबर, शनिवार

क्लीनिंग झालं. तोंडात रस्त्याचं काम चालू आहे असा आवाज. कल्पिता म्हणाली, काकू, दुखलं तर हात वर करा. मी एकदाही केला नाही. कॉन्व्हेंटमध्ये हात वर करून बोलायची शिस्त होती आणि मला बोलायचं नव्हतं.

दातांमधून फिरवायचा एक चिमुकला ब्रश दिलाय. बाटली धुवायच्या ब्रशचं बाळ. रोज रात्री न चुकता.


१४ सप्टेंबर

फिरवला.


१५ सप्टेंबर

पाहुणे.


२९ सप्टेंबर, सोमवार

नवरात्र. चिमुकला ब्रश सापडत नाही. सुधीर म्हणतो, देवघरात समईशेजारी आहे, तू त्याने निरांजन घासलंस. शक्य आहे. फार छान निघालं होतं निरांजन.

मंजन मात्र दोन वेळा चालू आहे. ते लावलं की हिरड्या कशा घट्ट होतात, आवळल्यासारख्या. रक्त तर दिसतच नाही. सासूबाईंना ऐंशीव्या वर्षी ऊस खाता यायचा. (सुधीर म्हणाला, आईला साठीतच दात नव्हते, ती ऊस कुटून घ्यायची. मुलांना आपल्या आईचं काही धड आठवत नाही.)

व्होट ऑफ थँक्सचा पहिला ड्राफ्ट तयार. चार पानं. वैशाली म्हणते दोन मिनिटं. बघू.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

विजय!

पुन्हा मोजलं. सातचा पाच झाला. बाकीच्या दातांचेही चार होते तिथे तीन झाले. या वेळी मीच डॉक्टरला म्हटलं, जरा मोठ्याने सांग ना, कल्पिताला ऐकू जात नाहीये. पार्टिशनपलीकडे सामंतबाई नव्हत्या, दुर्दैव.

दोन मिलिमीटर दुरुस्ती, तीही एका क्लीनिंगमध्ये! डॉक्टरला हे पचलं नाही. म्हणाली, काकू, छान आहे, सूज उतरली, हिरडी घट्ट झाली, म्हणून प्रोब, म्हणजे ही सळई, आता कमी आत जातेय. पण याचा अर्थ हाड परत आलं असा नाही. दात अजून तेवढाच हलतोय. पाच म्हणजेही खिसा आहेच, आतून साफ करायला हवा. एक्स-रे? मी म्हटलं, दिवाळी झाल्यावर. तिने पंचवीस तारीख लिहून दिली.

घरी येऊन सुधीरला सांगितलं की डॉक्टर आता धंद्याची भाषा बोलायला लागली आहे. तो पेपर खाली ठेवून म्हणाला, अगं, सात आले तेव्हा तू म्हणालीस हिरडी नरम, माप खोटं. आता पाच आले तर ती म्हणते हिरडी घट्ट, माप जपून घ्या. दोघी एकच तर बोलताय. तुला आकडा आवडला नाही की हिरडी गुन्हेगार, आवडला की हिरडी साक्षीदार, असं कसं चालेल?

याला मी म्हणते रिटायर्ड माणसाचं रिकामं डोकं.


२० ऑक्टोबर, सोमवार

फडके रोडवर दिवाळी पहाटेची गर्दी. तरुण पोरींच्या झुळझुळीत साड्या, आणि सगळ्यांचे दात सेल्फीसाठी बाहेर. मीही हसले. फोटो पाहिला. वरचा डावा दात जरा लांब दिसतोय. शेजारच्यापेक्षा पुढेही आलाय. म्हणजे दात वाढतोय. मुळात जोर असल्याशिवाय दात वाढेल कसा?


२४ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्याची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. कारण एक : भाऊबीजेचे पाहुणे अजून आहेत. (गेले काल.) कारण दोन : प्रगती असताना मध्येच ढवळाढवळ करू नये. कारण तीन : या मुलीचा हात जड आहे. सुधीरनेच सांगितलं की गेज किती दाबता त्यावरही आकडा बदलतो. ती जिमला जाते, कल्पिताने सांगितलं. जिमला जाणाऱ्या हातात सात येणार नाही तर काय?

ठराव : ठाण्यात एखादा अनुभवी, हलक्या हाताचा डॉक्टर गाठून सेकंड ओपिनियन घेणे. वैशालीचे दात डॉ. रत्नदीप बघतात. पन्नाशीचे आहेत, शांत आहेत, असं ती म्हणाली.

पण तयारीशिवाय परीक्षेला बसायचं नाही. आम्ही कधी बसलो नाही.


२६ ऑक्टोबर, रविवार

हिरड्यांची तालीम सुरू. सकाळी तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या, दुपारी बाभळीच्या सालीचा काढा, सकाळ-संध्याकाळ मंजन, जरा जास्त वेळ धरून. तत्त्व सोपं आहे. डॉक्टरच म्हणाली की सुकलेल्या मातीत काठी वर अडते. तर माती सुकवायची.

सुधीर म्हणाला, परीक्षेत कॉपी करणारे पाहिलेत, पण स्वतःच्याच तोंडात? मी उत्तर दिलं नाही. तोंडात तुरटी होती.


३० ऑक्टोबर

तोंड इतकं आवळलंय की शीळ घालता येते. जेवण एका बाजूने, उजव्या. डाव्या बाजूला विश्रांती देतेय, खेळाडूला मॅचआधी देतात तशी.


५ नोव्हेंबर, बुधवार

डोंबिवलीहून ठाण्याला टॅक्सी केली. सुधीर बरोबर. शीळफाट्याला सगळं ठप्प, पुढे कंटेनर आडवा झालेला. मी बरोबर तुरटीच्या पाण्याची बाटली घेतली होती. गाडीतच शेवटची उजळणी केली आणि खिडकीची काच खाली करून गुळणी बाहेर टाकली. शेजारच्या बाइकवाल्याने हेल्मेट काढून, ओ मावशी, दिसत नाय काय, म्हणून जे सुरू केलं ते पुढचा सिग्नल लागेपर्यंत. त्याच्या बुटांवर थोडं उडालं होतं. तुरटीने लेदरला काही होत नाही, असं मी त्याला सांगितलं. सुधीर त्या वेळी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होता. चाळीस वर्षं संसार केला की माणूस असा ओळख विसरतो.

डॉ. रत्नदीप यांचा हात खरोखर हलका. वरचा डावा : चार!!

चार! सात, पाच, चार. आलेख काढला तर जिना उतरल्यासारखा दिसेल.

बाकीचं ते बरंच बोलले, ते केवळ नोंद म्हणून. म्हणाले, हिरडी घट्ट आहे, रक्तही फारसं येत नाहीये, पण रंग ठीक नाही, दातांवर काळे डाग आहेत. मशेरी लावता? या माणसाने नेमका तोच शब्द वापरला. मी म्हटलं, मंजन. ते म्हणाले, काळं? मी म्हटलं, काळपट. मागे बसलेला सुधीर खोकला. डॉक्टर म्हणाले, तंबाखूने रक्त येणं दबतं, हिरडी वरून ठणठणीत दिसते आणि आत काम चालूच राहतं. तुमचा आकडा चार आहे, पण दात हलतोय तो चारचा हलत नाही. या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. एक्स-रे काढा, आत्ता, पाच मिनिटं लागतील.

मी म्हटलं, शीळफाट्याला ट्रॅफिक होईल.

टॅक्सीत सुधीर म्हणाला, भावना, काढायचा होतास. एवढंच. त्याच्या नेहमीच्या थट्टेच्या आवाजात नाही.


६ नोव्हेंबर

डॉ. ऐश्वर्याला व्हॉट्सअॅप केलं : ठाण्यात चार आले. दोन उद्गारचिन्हं. तिचं उत्तर : काकू, दात हलायचा थांबला का?

हिची प्रश्न विचारण्याची पद्धत मला आवडत नाही. तिला फुलांचा फोटो पाठवला, गुड मॉर्निंगवाला.


१२ नोव्हेंबर, बुधवार

व्होट ऑफ थँक्सची आरशासमोर प्रॅक्टिस. थँक यू म्हणताना जिभेचं टोक दातांमध्ये यावं असं सिस्टर फिलोमिनांनी शिकवलंय. जीभ लागली की दात मागे जातो आणि पुढच्या शब्दाला परत येतो. एका अर्थी लवचीक आहे. कडक गोष्टीच मोडतात.

सुधीर दारात उभा होता, मला कळलंच नाही. म्हणाला, माझे असेच गेले. दर वेळी वाटायचं, एवढा कार्यक्रम होऊ दे. मी म्हटलं, तुझी गोष्ट वेगळी, तू दुर्लक्ष केलंस.

तो हसला नाही म्हणून मीही हसले नाही.


१७ नोव्हेंबर, सोमवार, पहाट

काल झालं ते लिहून मोकळी होते. माझ्याशिवाय हे कोणी वाचणार नाही.

हॉल तोच. खिडक्या लहान झाल्यासारख्या वाटल्या. आम्ही सगळ्या जाड झालेल्या, नाहीतर वाळलेल्या, मधलं कोणी नाही. नावं आठवेनात, पण रोल नंबर पटापटा आठवले. सिस्टर फिलोमिना व्हीलचेअरवर आल्या होत्या. नव्वदीच्या आहेत. मी वाकले तर माझा हात हातात धरून बघत राहिल्या. माझे डोळे भरून आले. आठवीत त्या मला रोज ओरडायच्या की भावना, तोंड उघडून बोल, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस.

जेवणाच्या आधी कंपाउंडमधल्या झाडाचे पेरू कापून, मीठ-तिखट लावून आणले. वैशाली म्हणाली, कापलेले कसले, आपण कधी कापून खाल्लेत का? आणि तिने एक आख्खा पेरू माझ्या हातात दिला. फोटोसाठी. सगळ्या मोबाइल रोखून उभ्या. ए भावना, चाव ना! नाही तर म्हण आता बोळकं झालंय!

मी चावले.

पेरू हिरवट होता. दुखलं नाही, हे मुद्दाम लिहिते. अजिबात दुखलं नाही. पेरू तोंडापासून लांब केला तेव्हा त्यात माझा दात उभा होता. वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्तीसारखा, सरळ.

सतरा मोबाइल. एकही बंद नव्हता.

मग सिस्टर फिलोमिना व्हीलचेअरवरून इंग्लिशमध्ये म्हणाल्या, भावना, शेवटी एकदाचं तू तोंड उघडलंस. आणि स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नाही. सगळ्या जणी इतक्या हसल्या की काही जणींना बाथरूमला पळावं लागलं. मीही हसले. पदराआडून.

व्होट ऑफ थँक्स वैशालीने केलं. दोन मिनिटांत. केटररचं नाव चुकवलं.


१७ नोव्हेंबर, संध्याकाळ

दात दुधात घालून न्यायची कल्पना सुधीरची. त्याने कुठेतरी वाचलं होतं की असा दात परत बसवता येतो. सकाळी सातपासून दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं, त्याच्या हातात झाकणाचा पेला. कल्पिता आली, पेल्यात बघून म्हणाली, अगं बाई.

डॉ. ऐश्वर्याने दात निरखला, मला खुर्चीत बसवलं. म्हणाली, काकू, पडून धक्क्याने निघालेला दात कधी कधी बसवता येतो. याला बसायला जागाच राहिलेली नाही. मग एक्स-रे काढला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. स्क्रीन माझ्याकडे वळवली. बघायचं नसेल तर राहू दे, म्हणाली. मी बघितलं.

त्या दाताभोवती हाड नव्हतंच. काळं होतं. गेले महिनोन्महिने तो नुसत्या हिरडीवर उभा होता, आणि मी त्या हिरडीला तालीम देत होते की नीट उभी राहा, कोणाला कळू देऊ नकोस. खालच्या चौघांचं हाड निम्म्यावर आलंय. सात होते तेव्हाही तो खडक तिथेच होता, चार होते तेव्हाही तिथेच, म्हणजे तिथे नव्हताच.

मी सांगितलं होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला रागावता आलं असतं.

खालचे चार वाचवू शकतो, म्हणाली. आधी ते आतून एकमेकांना बांधायचे. मग हिरडी थोडी उघडून खाली साफ करायचं, शिवायचं. येत्या शनिवारी. पण मशेरी सुरू राहिली तर हिरडी धड भरून येणार नाही, तेव्हा, काकू, कधीपासून लावता? मी म्हटलं, लग्नानंतरच्या पहिल्या सकाळपासून. कोणी लावलं, असं तिने विचारलं नाही. बरं झालं.

या वेळी बाकावर सामंतबाई होत्या. पार्टिशनपलीकडून बाहेर आले तर उठून उभ्या राहिल्या, माझी पिशवी हातात घेतली आणि बिल्डिंगपर्यंत सोडायला आल्या. वाटेत भाज्यांच्या भावांवर बोलल्या. दातांवर एक अक्षर नाही. या बाईचं मला कधी कळणार नाही.


१९ नोव्हेंबर, बुधवार

काल आणि आज मंजन नाही. तोंड परक्याचं वाटतंय. भाड्याने घेतल्यासारखं. सकाळी सवयीने बाल्कनीत बसले, बोटं रिकामी. हिरडीतून रक्त आलं. डॉक्टरला घाबरून फोन केला तर म्हणाली, येणारच, इतके दिवस दबलेलं होतं. आता तुमची हिरडी खरं बोलायला लागलीय.

या वयात कोणीतरी घरात खरं बोलायला लागावं, आणि ती हिरडी असावी.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

उद्या ऑपरेशन. सुधीर म्हणतो, अगं, लोकल अॅनेस्थेशिया आहे, चहाला घरी येशील, हे मृत्युपत्र कोणासाठी लिहितेस? मी म्हटलं, व्यवस्था लावून गेलेलं बरं. जो माणूस चाळीस वर्षांत स्वतःचे मोजे शोधू शकला नाही, त्याच्या भरवशावर मी घर टाकून जाणार नाही.

तर :

दिवाळीच्या उरलेल्या चकल्या, मोठा डबा, सामंतबाईंना. डबा परत मागू नये.

अक्रोड वैशालीला. अडकित्ता देऊ नये. तिला सांगावं की आपण कधी फोडून खाल्लेत का?

शेंगदाण्याची चिक्की डॉ. ऐश्वर्याला. तिने ती वेटिंग रूममध्ये ठेवली तर धंदा वाढेल, हेही सांगावं. पण आधी नीट थँक यू म्हणावं. ते सुधीरने म्हणावं. मला सध्या नीट म्हणता येत नाही.

भाजलेले चणे कल्पिताला, आणि एक विनंती की माझे आकडे जरा हळू आवाजात. चांगले असले तरी.

सिस्टर फिलोमिनांना केळी पाठवावीत. पिकलेली. चिठ्ठी घालायची गरज नाही, त्यांना कळेल.

मला मऊ भात, मेतकूट, तूप. सुधीरनेही तोच खावा. एकट्या माणसासाठी कुकर लावलेला मला आवडत नाही.

करवंदाच्या लोणच्याची बरणी वरच्या फळीवर मागे आहे. ती कोणालाही देऊ नये. डॉक्टर म्हणते महिनाभर तिखट नाही, कडक नाही. मी पंधरा दिवस धरलेत.